मारव्याच्या आधी मेघ

कृषिविद्यापीठातील शिक्षण पुरे करून नुकताच पाथर्डी तालुक्यातील वडिलोपार्जित शेतावर परतलेल्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात एका रात्री फोन करून विचारले, "मामा, अमीर खाँसाहेबांचं नाव सगळे घेतात. मला त्यांचं काहीच माहीत नाही. पहिलं काय ऐकू? फोनवर शोधलं तर एवढं निघतं की हातच लावावासा वाटत नाही." प्रश्न साधा होता, आणि तरीही त्याचे उत्तर मी त्या रात्री दिले नाही, कारण याच प्रश्नाचे एक उत्तर मला माझ्या सतराव्या वर्षी मिळाले होते, आणि त्या उत्तरापायी माझी ऐकण्याची दहा-अकरा वर्षे वाया गेली होती.

वडील तेव्हा पाथर्डीच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि मी शिक्षणासाठी नगरला खोली घेऊन राहत असे. गाण्यातले जाणते म्हणून ज्यांचा लौकिक होता अशा एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे मी हाच प्रश्न घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता, मोठ्या प्रेमाने आणि मला सर्वोत्तम तेच द्यावे या सद्भावनेने, 1960 साली निघालेली ती सुप्रसिद्ध तबकडी, जिच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे, यंत्रावर ठेवली. चैत्रातली भर दुपार होती. पत्र्याचे छप्पर तापले होते. मारवा हा सूर्यास्ताचा राग. त्यात पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि इतर रागांत जो षड्ज घराच्या ओसरीसारखा विसाव्याला सदैव मोकळा असतो, तोच येथे दूर ठेवलेला, गायक त्याच्या आसपास फिरतो आणि टेकत नाही. त्यात चौदा मात्रांचा झुमरा, तोही इतक्या संथ लयीत की एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत नवख्या माणसाचे भान टिकू नये. तबकडीची ती बाजू संपेपर्यंत मी आज्ञाधारकपणे बसून राहिलो. मला काहीही कळले नाही, आणि त्याहून वाईट असे की, मला कळण्यासारखेच काही नाही, हा प्रांत माझा नव्हे, असा दाखला मी स्वतःच स्वतःला देऊन बाहेर पडलो. पुढे कितीतरी वर्षे ख्यालाचे नाव निघाले की मी उठून जात असे.

त्या गृहस्थांची शिफारस खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही. मारवा हे अमीर खाँसाहेबांचे शिखरच आहे. परंतु अपरिचित कलावंताकडे नेताना नवख्याला एकदम शिखरावर उभे करणे हा प्रमाद आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. कलावंताची श्रेष्ठ कृती कोणती, याचा विचार त्या वेळी बाजूला ठेवून, त्याच्या गावाहून निघालेली कोणती पाऊलवाट आपल्या अंगणापर्यंत येते ते आधी पाहावे. ती वाट अरुंद असली तरी चालेल, ती आपल्या ओळखीची असावी.

मला अशी वाट सापडली ती मढीच्या यात्रेमुळे. होळीपासून पाडव्यापर्यंत भरणाऱ्या कानिफनाथांच्या त्या यात्रेत वडिलांना बंदोबस्ताच्या कामी जावे लागे, आणि लहानपणी मी त्यांचे बोट धरून जात असे. गडाच्या पायथ्याशी, धुळीत घोंगडी टाकून, कानात मुद्रा घातलेला एक वृद्ध जोगी किंगरीवर गात असे. त्याचा स्वर उंच जाई, मध्येच तुटे, आणि त्या तुटलेल्या जागी क्षणभर काहीच नसे. ते रिकामेपण मला आठवत राहिले होते. पुढे तिशीच्या उंबरठ्यावर एका परिचिताच्या घरी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने लागली असताना मी दारातच थांबलो. कारण तीच तुटलेली जागा, तेच क्षणभराचे रिकामेपण, येथे एका महान गायकाने जाणूनबुजून, जपून, पुनःपुन्हा निर्माण केले होते. क्षयाने ग्रासलेले कुमारजी 1948 साली देवासला गेले, गाणे बंद झाले, एक फुप्फुस निकामी झाले, आणि त्या सक्तीच्या मौनाच्या वर्षांत माळव्यातली लोकगीते आणि दारावरून जाणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांचे गाणे त्यांच्या कानांत मुरत गेले, ही हकिकत मला नंतर कळली. मला कोणी कुमारजींच्या स्वरचित रागांपासून आरंभ करावयास सांगितले असते तर मी दुसऱ्यांदा परतलो असतो. निर्गुणी भजनांपासून मी त्यांच्या ख्यालाकडे गेलो आणि मग परत फिरलो नाही. पंडित भीमसेन जोशींच्या बाबतीत तर महाराष्ट्राला हा मार्ग कोणी शिकवावा लागला नाही. अभंगवाणीसाठी मांडवात बसलेले कितीतरी वारकरी त्यांच्या पुरियापर्यंत आपोआप गेले.

हा नियम आपल्या देशापुरताच खरा असावा असे मला वाटत असे. तो समज नगरजवळच्याच एका टेकडीवर गळून पडला.

नगरहून दौंडच्या वाटेवर अरणगावाजवळ मेहेराबाद आहे. 10 जुलै 1925 पासून देहान्तापर्यंत मौन पाळणारे मेहेरबाबा 31 जानेवारी 1969 रोजी निवर्तले आणि त्यांची समाधी तेथे आहे. दर वर्षी अमरतिथीला देशोदेशींचे भक्त तेथे जमतात, दुपारी बारा वाजता सर्वत्र मौन होते, आणि एवढ्या मोठ्या समुदायात केवळ वाऱ्याचा आणि एखाद्या लहान मुलाचा आवाज ऐकू येतो. अशाच एका अमरतिथीला मौन सुटल्यावर शेजारी बसलेल्या एका पिकल्या केसांच्या इंग्रज गृहस्थांशी माझे संगीतावर बोलणे निघाले, आणि त्यांनी विचारले, "तुम्ही पीट टाउनशेंड ऐकला आहे?" मी नाव ऐकून होतो. 'द हू' या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदाचा हा प्रमुख, रंगमंचावर गिटार आपटून फोडणारा, कानठळ्या बसवणारा, एवढीच माझी माहिती. आणि पूर्वी एकदा हौसेने त्या वाद्यवृंदाची 1969 सालची 'टॉमी' ही तबकडी मी लावून पाहिली होती, कारण जाणकार तीच प्रथम सांगतात. पाऊण तासात मी ती बंद केली होती.

त्या गृहस्थांनी कानाला लावावयाची यंत्रे माझ्या हाती दिली आणि टाउनशेंडच्या 1972 सालच्या 'हू केम फर्स्ट' या स्वतंत्र संग्रहातले शेवटचे गीत लावले. त्याचे नाव 'परवरदिगार'. मेहेराबादला भक्त जी प्रार्थना म्हणतात, जिचे शब्द मी त्याच दिवशी सकाळी समाधीपाशी उभा राहून ऐकले होते, तिलाच त्याने इंग्रजी पदाचे रूप देऊन शांत चाल लावली होती. आवाजात गर्जना नव्हती, याचकाची आर्जवे होती. 'टॉमी'च्या वेष्टनावर मेहेरबाबांचे नाव आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्याच संग्रहात जिम रीव्ह्जचे एक साधेसे विरहगीत टाउनशेंडने गायले आहे, ते बाबांना आवडत असे म्हणून. या दोन गीतांनंतर मी पुन्हा 'टॉमी'कडे गेलो तेव्हा त्यातल्या मुक्या, बहिऱ्या, आंधळ्या मुलाची कथा मला एकाएकी जवळची झाली. मौनाच्या टेकडीवरून मी तिच्याकडे पाहत होतो.

याहून मोठे आश्चर्य पुढे होते. 1971 साली 'हूज नेक्स्ट' नावाचा 'द हू'चा संग्रह निघाला, त्याच्या आरंभीच्या गीताला टाउनशेंडने 'बाबा ओ'रायली' असे नाव दिले. बाबा म्हणजे मेहेरबाबा. ओ'रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, ज्याच्या आवर्तने घेत जाणाऱ्या रचनापद्धतीची छाया त्या गीताच्या प्रारंभीच्या ऑर्गनवर पडली आहे. हा रायली 1970 साली पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्यासारखा अनुयायी झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. आणि ज्या अतिविलंबित झुमऱ्याने मला सतराव्या वर्षी पळवून लावले, ती संथ, एकेक स्वर उलगडत जाणारी बढत अमीर खाँसाहेबांनी ज्यांच्या गायकीवरून आत्मसात केली, ते हेच अब्दुल वहीद खाँ. अरणगावच्या टेकडीवरून निघालेली वाट लंडन आणि कॅलिफोर्निया फिरून माझ्या मारव्यापाशी आली होती. त्या वर्षी पौषातल्या एका संध्याकाळी मी तो मारवा दुसऱ्यांदा ऐकला, आणि षड्जाची वाट पाहणे म्हणजे काय ते मला समजले.

परंतु हा वळसा माझा होता. तो भाच्याच्या माथी मारण्याचा मला अधिकार नाही. त्याची वाट त्याच्या शेतातून निघावयास हवी. आमचा तो टापू पर्जन्यछायेतला. मृग कोरडा गेला की माणसे बोलणे कमी करतात, आणि ऊसतोडीसाठी कोयत्याला जाणाऱ्यांच्या घरांत दिवाळीनंतरचे हिशेब ज्येष्ठातच सुरू होतात. यंदाही मृग कोरडाच गेला होता. मी त्याच्याकडे गेलो, आणि तिन्हीसांजेला अंगणात बाज टाकून बसल्यावर त्याला सांगितले, "अमीर खाँसाहेबांचा मेघ लाव."

फोनचा आवाज बारीक येतो म्हणून त्याने तो पितळेच्या तपेलीत उभा ठेवला. तपेलीने आवाजाला खर्ज दिला. मेघात गांधार नाही, धैवत नाही. मध्यमावरून आंदोलन घेत ऋषभावर उतरणारा स्वर लांबवरच्या गडगडाटासारखा येतो आणि पुन्हा मागे सरतो. खाँसाहेबांना घाई नव्हती. भाचा नांगरून ठेवलेल्या रानाकडे तोंड करून बसला होता. पहिली पाच मिनिटे त्याने दोनदा हात तपेलीकडे नेला, मग नेला नाही. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, ज्यांनी आयुष्यात कधी ख्याल ऐकला नाही, गोठ्यातून हात पुसत आले, उंबऱ्यावर टेकले, आणि बराच वेळ ऐकून म्हणाले, "हा मनुष्य पाऊस मागतोय, का आलाय म्हणून सांगतोय?"

शब्द पाऊस आल्याचे सांगत होते, स्वर अजून वाटच पाहत होते. त्यामुळे मला चटकन उत्तर देता आले नाही. भाच्याने माझ्याकडे पाहिले, तपेलीतून फोन उचलला आणि राग पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्याला पंधरा दिवस झाले. तो रोज सायंकाळी मेघ ऐकतो, परवा मेघाच्या मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूचा ललित त्याने पहाटे पाणी धरताना ऐकला. मारव्याचे नाव मी अजून काढलेले नाही.