वासाची थकबाकी

हल्ली मध्यमवर्गीय घरात देवाच्या तसबिरीखालोखाल मानाचे स्थान कुणाला असेल, तर ते सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीला. दाराची घंटा वाजली, की घरातले एक माणूस दार उघडायला धावते आणि दुसरे बाटली शोधायला. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच आतून ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि बाहेर बेचाळीस अंश ऊन असताना धाराशिवच्या दोन खोल्यांत हिमालयातली पहाट उगवते! कधी लॅव्हेंडरचा ताटवा फुलतो. आमच्या तेरचा, म्हणजे जुन्या तगरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी गाड्या भरभरून भडोचच्या बंदराकडे जात असे. त्याच जिल्ह्यात आज, गल्लीत कुणी कधी पाहिलेले नाही अशा फुलाचा वास डब्यात भरून येतो. याला प्रगती म्हणतात.

या बाटलीवर माझा राग आहे, आणि तो तत्त्वाचा आहे. (किमतीचाही आहे, पण वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.) बँकेत एक जुना रोग असतो. कर्ज थकते, वसूल होत नाही. मग त्याच इसमाला नवे कर्ज द्यायचे, त्यातून जुन्याचा हप्ता वळता करून घ्यायचा आणि खाते कसे ताजेतवाने दाखवायचे! रिझर्व्ह बँकेला हा प्रकार मुळीच खपत नाही. पण घरोघरी रोज संध्याकाळी दुसरे काय चालते? मोरीच्या जाळीखाली आठवड्याचा गाळ थकलेला. त्याची वसुली करायची सोडून वरून मोगऱ्याचे नवे कर्ज! अर्ध्या तासात मोगरा बुडतो आणि जुनी बाकी व्याजासकट दारात उभी.

यात पहिला फसतो तो घरमालकच. नाक हा मोठा आळशी कारकून आहे. एकच वास सतत येऊ लागला, की तो काही मिनिटे नोंद करतो आणि मग ‘हे नेहमीचंच’ म्हणून वही मिटतो. त्यामुळे आपल्या घराचा वास आपल्याला कधीच येत नाही; तो पाहुण्याला येतो, आणि पाहुणा चहा प्यायचा असल्यामुळे बोलत नाही. आमच्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध आहे. (2023 साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव सरकारदरबारी धाराशिव झाले, शेळीची फाइल अजून त्या टेबलावर पोचलेली दिसत नाही.) या जातीचा बोकड हंगामात आला, की वारा असेल त्या बाजूच्या दोन गल्ल्या दरवळतात. पण बोकडाला विचाराल तर आपण उंची अत्तर लावून निघालो आहोत अशीच त्याची समजूत असणार. शिवाय शेळ्यांचे मतही त्याच्याच बाजूचे असते! आपापल्या घराच्या बाबतीत आपण सारेच बोकड आहोत, एवढेच मला नम्रपणे म्हणायचे आहे.

आता बाटलीवाल्यांना सोडून नैसर्गिकवाल्यांकडे वळतो, कारण तेही कमी नाहीत. त्यांचा उपाय ठरलेला. दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, संत्र्याची साल पातेलंभर पाण्यात टाका आणि मंद आचेवर तासभर उकळत ठेवा. अहो, पण गॅस कुणाचा? पातेल्यावर लक्ष कुणी ठेवायचे? सकाळी तीन डबे भरून दमलेल्या बाईनेच ना? शिवाय उन्हाळ्यात टँकरच्या शिटीला कान लावून बसणाऱ्या जिल्ह्यात पातेलंभर पाणी नुसत्या वासापायी हवेत सोडायचे, म्हणजे हंड्यांच्या रांगेतल्या बायकांनी तुम्हाला काय म्हणावे? ते या पानावर छापता येणार नाही.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे तरी कुणी सांगितले? संत्र्या-लिंबाच्या सालीचा जो वास असतो तो लिमोनीन नावाच्या द्रव्याचा. बाटलीतही बऱ्याचदा हेच असते. हवेतल्या ओझोनशी गाठ पडली, की त्यातून थोडे फॉर्मल्डिहाइड तयार होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात टिकवतात, त्या फॉर्मेलिनमधले हेच द्रव्य. धूपही तसाच. धुपाचा धूर हा धूरच. फुप्फुसात शिरताना ‘मी देवघरातून आलो’ म्हणून तो ओळखपत्र दाखवीत नाही. लावायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून लावावा. देवाचा त्याला विरोध असल्याचे ऐकिवात नाही.

‘मग पूर्वीची मातीची घरंच बरी होती,’ असा गहिवर इथे कुणाला तरी येतो. येऊ नये. माळवदाच्या घरात गारवा होता, सारवलेल्या जमिनीचा वास होता, सगळे होते. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आमच्या उमरगा भागात आणि शेजारच्या किल्लारीत त्याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली माणसे गाडली गेली. तेव्हा घर पक्केच हवे. फक्त पक्क्या घरालाही खिडक्या असतात, आणि त्या उघडतात, याची आठवण करून द्यायची वेळ आली आहे.

समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळी पंधरा मिनिटे उघडा. रात्रभर कोंडलेली हवा नोटीस न देता घर खाली करते. गाद्यांना ऊन दाखवा. कुबट वासाचे मूळ बुरशीत, बुरशीचे मूळ ओलीत, आणि ओलीवर उन्हासारखा वसुली अधिकारी नाही. घट बसण्याआधी घरातले सारे अंथरूण-पांघरूण धुवायची आपल्याकडची चाल काय उगीच आहे? पावसाळ्याची ओल नेमकी तेव्हाच काढायची असते. भिंतीला चुना द्या. त्याच्या अल्कलीपणापुढे बुरशी टिकत नाही. फ्रिजमध्ये वाटीभर खायचा सोडा ठेवा, तो आंबूस वास खातो. मोरीतल्या उग्र वासावर मात्र सोडा चालत नाही, तिथे लिंबू किंवा व्हिनेगर. आम्लाला अल्कली, अल्कलीला आम्ल. नावे तितके जमा, आणि हिशेब शून्य! कूलरच्या टाकीतले शिळे पाणी रात्री ओतून टाका. खर्च जवळजवळ नाही. म्हणूनच याची कुणी जाहिरात करीत नाही.

खरे तर वास हा निरोप्या आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यात मुद्दाम त्यात मर्कॅप्टन नावाचे घाणेरडे द्रव्य मिसळतात. म्हणजे ज्या घाणीने जीव वाचतो, ती सरकार सक्तीने मिसळायला लावते. आणि आपण मात्र निरोप ऐकायच्या आधीच निरोप्याच्या तोंडावर मोगरा मारतो.

याचा कळस ओळखीच्या एका घरी पाहिला. मागच्या खोलीत आजोबा अंथरुणाला खिळलेले. मी येताच सूनबाईंनी लगबगीने आत जाऊन फवारा मारला. आतून खोकल्याची उबळ आली आणि मागोमाग आजोबांचा आवाज आला, “कोण आलंय ग?” घंटा त्यांना ऐकू येत नाही. लॅव्हेंडर आला की पाहुणा आला, एवढे त्यांनी बरोबर ताडले होते! सूनबाईंना मी दोष देत नाही. घर एकटीच्या अंगावर. आजोबांना कुशीवर वळवून चादर बदलायला आणि गादी उन्हात टाकायला दोन माणसे लागतात. फवाऱ्याला एक बोट पुरते. ते दुसरे माणूस समोरच्या खोलीत माझ्याशी क्रिकेटवर बोलत बसले होते. बाटली खपते ती त्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर.

तेव्हा मंडळी, बाटली ठेवा आणि उठा. गादीचे एक टोक तुम्ही धरा. खिडकी उघडा. उघड्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या येसराच्या आमटीचा वास आत येईल, अशी तक्रार असते. येऊ द्या की! आज आपण कुणाकडे जेवायला जावे, हे ठरवायला तेवढीच मदत होते.