उद्धरणांचा आकडा आणि औषधाची चिठ्ठी

जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या विद्यापीठाच्या अमुक इतक्या प्राध्यापकांना स्थान मिळाल्याची बातमी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत आता सवयीची झाली आहे, आणि ती यादी बहुधा 'स्टॅनफर्ड विद्यापीठाची' म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या संशोधनसूचीच्या नोंदींवरून ती तयार करतात. सहलेखकांची संख्या आणि लेखकाचे क्रमातील स्थान ते हिशेबात धरतात, स्व-उद्धरणे वगळलेला आकडाही वेगळा देतात. मापाच्या मर्यादा माप घेणाऱ्यांना चांगल्याच ठाऊक आहेत. बातमीत मात्र फक्त क्रमांक उरतो.

उद्धरणसंख्या मोजते ती एकच गोष्ट: एक शोधनिबंध इतर शोधनिबंधांत किती वेळा नोंदला गेला. खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात जमेलाच धरला जातो, आणि जे ज्ञान नित्याच्या कामात पूर्ण मुरले त्याचा उल्लेख होणे हळूहळू थांबते. उदाहरणार्थ, गडमुडशिंगीतून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आलेल्या एखाद्या रुग्णाच्या तांबड्या पेशी अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्हींशी गुठळल्या नाहीत, तर रक्तगट 'ओ' वाटतो; पण त्याचाच सीरम 'ओ' गटाच्या पेशींना गुठळवू लागला, की तंत्रज्ञाला थांबावे लागते. पेशींवर एच प्रतिजनच नसलेल्या 'बॉम्बे' गटाच्या माणसाला साधे 'ओ' रक्त जीवघेणे ठरू शकते. हा गट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवला. त्या निबंधामुळे टळलेल्या चुका उद्धरणांवरून काढलेल्या कोणत्याही एच-इंडेक्समध्ये येत नाहीत.

हे माप केवळ अपुरे असते तर काळजीचे कारण नव्हते. ते नेमणुकीची आणि बढतीची अट झाले, तेव्हा त्याचे काम बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी गुणांकन आणले; वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीलाही शोधनिबंध लागतात. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड आणि तासिका सांभाळणाऱ्या शिक्षकाला संशोधनासाठी वेळ, निधी किंवा संख्याशास्त्रज्ञाची मदत बहुतेक ठिकाणी मिळत नाही, अट मात्र कायम राहते. अशा वेळी छापण्याचे शुल्क घेऊन परीक्षणाचा केवळ देखावा करणारी नियतकालिके ही गरज पुरवतात, हे अनपेक्षित मानता येत नाही. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि स्कोपस वा वेब ऑफ सायन्समध्ये नसलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो साऱ्या यादीला लागू करणे चूक ठरेल. पण नामांकित सूचीत नाव असणे म्हणजे हमी, असेही नाही. अनेक नियतकालिके अशा सूचींत असलेल्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेला २०२३ या एकाच वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

जैववैद्यकात अशा निकृष्ट निबंधांचा परिणाम संशोधकाच्या कारकिर्दीपुरता राहत नाही, कारण उपचार करणारा डॉक्टर सुटे निबंध क्वचितच वाचतो. अनेक चाचण्या एकत्र करून मेटा-अॅनालिसिस होते, त्यावरून मार्गदर्शक तत्त्वे ठरतात आणि त्यांवरून औषधाची चिठ्ठी लिहिली जाते. या साखळीत एक चाचणी खोटी निघाली, तर ती सरासरीत मिसळून दिसेनाशी होते. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना कोविडसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध देण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी परदेशी तज्ज्ञमंडळांच्या निष्कर्षांचा हवाला दिला. कोविडवर हे औषध फक्त चाचण्यांतच वापरावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तेव्हा उपलब्ध होता. त्या काळातील काही मेटा-अॅनालिसिसमध्ये मृत्यू घटल्याचे दिसत होते, आणि त्यात इजिप्तमधील एका चाचणीचा वाटा मोठा होता. तिच्या माहितीत रुग्णांच्या नोंदी पुन्हा पुन्हा आल्याच्या शंका निघाल्यावर जुलैमध्ये तिचा निबंध मागे घेतला गेला. शंकास्पद चाचण्या वगळल्यावर तो फायदा टिकला नाही. सप्टेंबरात भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतूनही हे औषध वगळले गेले. या प्रकरणाच्या मुळाशी उद्धरणांचा हव्यास होता, असे म्हणायला आधार नाही. निकृष्ट पुरावा रुग्णापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, तेवढे मात्र त्यातून दिसते. आणि बढतीसाठी लिहिलेल्या निबंधाला वेगळी वाट नसते. साथीच्या काळात जगभरची नजर त्या चाचणीवर होती, म्हणून ती काही महिन्यांत उघडी पडली. एखाद्या तालुक्यातील मधुमेही रुग्णांवरचा, शंभरेक जणांचा अभ्यास मुळातून तपासायला कोण बसणार आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त यादीच्या जागी आणलेली नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. केंद्रीय यादीचे दोष पाहता त्यात तथ्य आहे. पण राष्ट्रीय क्रमवारीत ज्या संस्थेला शोधनिबंधांच्या आणि उद्धरणांच्या संख्येवर गुण मिळतात, तीच आता ते निबंध छापणाऱ्या नियतकालिकांची पारख करणार आहे. उमेदवाराने आपले मोजके निबंध निवडून द्यावेत आणि निवड समितीने ते वाचावेत, हा पर्याय उपलब्ध आहे. संख्येऐवजी आशय पाहा, अशी शिफारस संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ मध्येच केली होती. मात्र वाचायला विषय जाणणारे सदस्य लागतात आणि प्रत्येक उमेदवारामागे काही तास द्यावे लागतात. एका दिवसात अनेक मुलाखती उरकणाऱ्या समितीकडे सध्या यातले काहीच नसते, आणि तक्त्यातला आकडा मात्र तयार असतो.