संशोधनाच्या उंबरठ्यावर



इंदूरहून एका गृहस्थांचे पत्र आले आहे. त्यांची कन्या रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. झाली आणि आता पीएच. डी. करण्याचे तिच्या मनात आहे. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे. परंतु पाच-सहा वर्षे खर्ची घालून हाती काही लागले नाही तर काय, ही चिंता वडिलांना सतावते आहे. अशी चिंता अनेक घरांत असेल, म्हणून यंदाचे हितगूज याच विषयावर.

प्रथम प्रवेशाची वाट पाहू. विज्ञानशाखेसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा रसायन, भौतिक, गणित, जीव आणि पृथ्वी या पाच विषयगटांत घेतली जाते. २०२४ पासून तिच्या निकालात तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील उमेदवारास संशोधनवृत्ती मिळण्याची पात्रता येते. उरलेल्या दोन वर्गांतील गुण पीएच. डी. प्रवेशासाठी एक वर्ष ग्राह्य धरतात. तेथे परीक्षेला शंभरातील ७० आणि मुलाखतीला ३० असे वजन असते. कनिष्ठ संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि ज्येष्ठ संशोधनवृत्ती ४२,००० रुपये झाली. म्हणजे वृत्ती मिळाली तर मुलगी घरावर भार होत नाही, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

परंतु परीक्षा हे केवळ दार आहे. आत गेल्यावर वर्षे फुकट जातात ती बहुधा मार्गदर्शकाची आणि प्रश्नाची पारख आधी न केल्यामुळे. आपल्याकडे संस्थेचे नाव पाहून अर्ज करण्याची रीत आहे. लग्न ठरविताना आपण केवळ घराण्याचे नाव पाहत नाही, माणसाचीही चौकशी करतो. येथेही तसेच करावे. ज्या प्राध्यापकाकडे काम करावयाचे, त्याचे गेल्या चार-पाच वर्षांतील दोन-तीन शोधनिबंध वाचावेत. सारे समजणार नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वाचताना एखादी शंका मनात रेंगाळली, तर तो विषय आपला होऊ शकेल. दोन पानांतच कंटाळा आला, तर पाच वर्षांचा विचार करावा.

त्यानंतर त्या प्राध्यापकास लहानसे पत्र लिहावे. आपण काय शिकलो, हाताने कोणते प्रयोग केले, त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणता मुद्दा आपणास विचार करण्याजोगा वाटला, आणि जागा आहे काय, एवढे पुरे. एकच मजकूर पन्नास जणांना धाडला की तो वाचणाऱ्याच्या तत्काळ लक्षात येतो. जागेची चौकशी अवश्य करावी. कारण २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थीच घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

सर्वांत मोलाची माहिती मात्र त्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांकडेच मिळते. पदवी मिळण्यास साधारण किती वर्षे लागतात, उपकरणे वेळेवर मिळतात काय, कोणी मध्येच सोडून गेले काय आणि का, हे त्यांना नम्रपणे विचारावे. शिफारसपत्रही बड्या पदाच्या अनोळखी माणसाकडून न घेता, ज्याने आपले काम जवळून पाहिले त्याच्याकडूनच घ्यावे, आणि त्यास निदान महिनाभराचा अवधी द्यावा. मुलाखतीत आपल्या एम. एस्सी.च्या प्रकल्पाविषयी खोलात विचारतात. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे आणि मग मोठ्याने विचार करून दाखवावा.

इंदूरच्या पत्रावरून कमला सोहोनी यांचे स्मरण होते. त्यांचा जन्म १९११ मध्ये इंदुरातच झाला. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या मागे हटल्या नाहीत आणि अखेर अटी घालून का होईना, त्यांना घेण्यात आले. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करीत असता, सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांनी दाखविले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. बटाटा आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो. त्याला विचारण्याजोगा प्रश्न मात्र शोधावा लागतो.

आता त्या वडिलांना उत्तर. पीएच. डी.चा कालावधी नियमाने किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत असून २४० दिवसांची प्रसूतिरजाही आहे. तेव्हा विवाहाच्या विचाराने संशोधन सोडावयास लावण्याचे कारण नाही. अर्ज भरण्यापूर्वी तीन महिने कन्येला वाचण्यास, पत्रे लिहिण्यास आणि दोन-तीन प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहण्यास द्या. प्रवासाचा तेवढा खर्च आनंदाने करा. कदाचित हे सारे पाहून तीच म्हणेल, की ही वाट माझी नव्हे. तेही लवकर समजलेले बरे. आणि ती हो म्हणाली, तर पुढील वर्षांत घरी आल्यावर तिला पदवी कधी मिळणार असे विचारू नका. आज काय पाहिलेस, एवढेच विचारा.