पहिल्या हजार किलोमीटरची कैफियत

नव्या मोटारसायकलीवरून पहिला लांबचा पल्ला गाठून आलेला मालक गॅरेजच्या दारात उभा राहून जे काही बोलतो, त्याला ‘अभिप्राय’ म्हणण्याचा प्रघात आपल्या व्यवसायात पडून गेला आहे. परंतु आम्हांला तो शब्द त्या घटकेपुरता तरी अनुचित वाटतो, कारण ज्या यंत्राविषयी तो बोलत असतो ते यंत्र अद्याप पुरते घडलेलेच नसते. त्याचे बोलणे ही कैफियत असते. आणि कैफियतीचा शिरस्ता असा, की ती तारखेनिशी व तपशिलानिशी उतरवून घ्यावी, मात्र तिचा निकाल त्याच बैठकीत देऊ नये.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते गेल्या हिवाळ्यात नगरच्या केडगावातील एका स्नेही मेस्त्र्यांच्या दुकानात पाहिलेल्या प्रसंगाचे. राहुरीकडचे एक शिक्षक आपली नवी टूरिंग मोटारसायकल घेऊन आले होते. गाडी जेमतेम सहाशे किलोमीटर चाललेली होती आणि तक्रारी मात्र कागदाच्या दोन्ही बाजू भरून: तेलाची पातळी उतरते, टॉपमध्ये इंजिन ठोके देते, हँडल थरथरते, उजव्या पायाला धग लागते, गिअर टाकताना ‘खट्’ असा आवाज येतो, सीट तासाभरात बोचू लागते. अशी गाडी घेतलीच कशाला, असा त्यांचा सूर होता. चौकशी करता निष्पन्न झाले ते एवढेच, की ‘नवी गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही’ हा वडिलांचा उपदेश त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे पाळला होता आणि ते सगळे किलोमीटर मनमाड रस्त्यावर राहुरी ते नगर आणि नगर ते राहुरी असे, सहाव्या गिअरमध्ये, काटा जागचा हलू न देता काढले होते.

वडिलांचा उपदेश खोटा नव्हता. तो दुसऱ्या यंत्रासाठी होता, एवढेच. बिडाच्या सिलिंडरची बुलेट, म्हैसूरहून येणारी जावा व पुढे येझदी, राजदूत, या गाड्यांच्या काळात पिस्टन आणि बोअर यांचे माप आजच्या इतके नेमके राखता येत नसे, थंडावा केवळ वाऱ्याचा असे, आणि दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच तिचे सर्व वंगण असे. अशा गाडीला पहिल्या दिवशी पिटाळले तर पिस्टन चिकटून मागचे चाक जागीच जाम होई आणि मालक रस्त्यावर पडे. तेव्हा ‘हळू चालवा’ हा हुकूम देणाऱ्या जुन्या मेस्त्र्यांनी असंख्य हाडे मोडण्यापासून वाचवली आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु त्या हुकमातील मर्म वेगाच्या आकड्यात नव्हते. इंजिनावर उष्णतेचा अतिरेक होऊ न देणे हे ते मर्म होते. आकडा लोकांच्या लक्षात राहिला आणि मर्म गळाले.

सिलिंडरचा आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत नसतो, आणि नसावाच. होनिंगच्या दगडांनी त्याच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी बुद्धिपुरस्सर ओढलेली असते. त्या रेघांच्या खळग्यांत तेल टिकून राहते, आणि खळग्यांमधल्या सूक्ष्म शिखरांवर घासून घासून पिस्टनच्या रिंगा आपली बैठक तयार करतात. आता रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. ज्वलनाचा वायू रिंगेमागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणजे इंजिन जितका भार ओढेल तितकी रिंग भिंतीशी घट्ट भिडेल. मूठ जेमतेम उघडी ठेवून शेकडो किलोमीटर गाडी रेंगाळवली तर हा दाब पुरेसा निर्माणच होत नाही, शिखरे झिजायची तशी झिजत नाहीत, आणि रिंगेवरून निसटलेले तेल भिंतीवर जळून तिच्यावर एक चकचकीत थर चढतो. ज्यांनी असे बोअर उघडून पाहिले आहे त्यांना तो काचेसारखा तुळतुळीतपणा परिचित आहे. एकदा तो चढला की रिंगा त्याच्यावरून नुसत्या घसरतात, वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि तेल वर जाऊन धुरावाटे निघून जाते. याच्या उलट, रिंगा बसण्यापूर्वीच मूठ पूर्ण पिळून गाडी दामटली तर त्या शिखरांवर स्थानिक उष्णता इतकी वाढते की धातूवर धातू ओरखडतो. इंजिनाला या दोन्ही टोकांमधून न्यावयाचे असते: भार द्यावा पण थोडा वेळ, मग मूठ सोडून श्वास घेऊ द्यावा. मूठ मिटल्यावर सिलिंडरमध्ये जी पोकळी निर्माण होते तिच्यायोगे थोडे तेल वर ओढले जाते आणि झिजलेला कीस धुऊन निघण्यास मदत होते.

आजच्या कित्येक इंजिनांत भिंतीवर निकेलचा कठीण मुलामा असतो आणि कारखान्यातच शिखरे बरीचशी छाटलेली असतात, तेव्हा हे सर्व कालबाह्य झाले आहे, असे आमचे काही तरुण व्यवसायबंधू म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. रिंगांचे काम लवकर आटोपत असले तरी गिअरचे दात, कॅम, क्लचच्या प्लेटी यांचे आपसांतील जमणे रस्त्यावरच व्हावयाचे असते.

वेगाचा एकच आकडा सर्व गाड्यांना का लागू पडत नाही, याचे येथे एक उदाहरण देतो. २०१६ साली आलेल्या पहिल्या ‘हिमालयन’ मोटारसायकलीचे इंजिन ४११ सीसीचे, लांब स्ट्रोकचे, पाच गिअरांचे, आणि आपला जोर अगदी खालच्या फेऱ्यांत देणारे होते. २०२३ च्या नोव्हेंबरात तिच्या जागी आलेली ४५२ सीसीची गाडी द्रवशीतित, सहा गिअरांची. तिची ४० अश्वशक्ती ८००० फेऱ्यांवर आणि कमाल टॉर्क ५५०० फेऱ्यांवर मिळतो. नाव एकच, पण पहिल्या गाडीवर टॉपमध्ये ज्या मंद चालीत इंजिन समाधानाने चालत असे, त्याच चालीत दुसरे इंजिन कुंथते. चाकणला बनणारी ३७३ सीसीची डॉमिनार याच दुसऱ्या कुळातली. तेव्हा गिऱ्हाइकाला वेगाचा आकडा सांगणे सोडून द्यावे आणि फेऱ्यांच्या काट्याची मर्यादा, त्या गाडीच्या पुस्तिकेत जी दिली असेल ती, उघडून दाखवून सांगावी. आणि त्याच श्वासात हेही सांगावे की टॉपचा गिअर ही नव्या इंजिनाची विश्रांतीची जागा नव्हे.

आपल्या जिल्ह्याला या कामी भूगोल असा अनुकूल आहे की त्याचा उपयोग न करणे हा अपराध होईल. अहिल्यानगर (२०२४ मध्ये हे नाव अधिकृत झाले असले तरी मेस्त्रीवर्गाच्या तोंडी अद्याप नगरच) सोडून राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करीत भंडारदऱ्यास जाणारा दीडशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता घ्या. गाळपाच्या हंगामात प्रवरेच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात रांगते, वाट मिळताच मूठ उघडावी लागते, पुढे पुन्हा ट्रॉली. आणि अकोल्याच्या पलीकडे कळसूबाईच्या डोंगररांगेकडे चढ लागतो तेव्हा भार आपोआप मिळतो व उतारावर इंजिनाचा ब्रेकही. यांत्रिकाने मुद्दाम आखावा असाच हा मार्ग आहे. ज्यांना इतका वेळ नाही त्यांना इमामपूरचा घाट किंवा पाथर्डी रस्त्यावरचा करंजीचा घाट पुरे. मनमाड रस्ता सरळ आहे, रुंद आहे, आणि नेमका म्हणूनच पहिल्या पाचशे किलोमीटरांसाठी वर्ज्य मानावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सर्व सांगण्याचा अधिकार मेस्त्र्याला कोणी दिला, अशी शंका कोणी काढील. त्याचे उत्तर याच शहरात आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमान्वये वाहनांच्या नमुन्यांची परीक्षा घेऊन दाखला देण्याचा अधिकार ज्या संस्थांना आहे त्यांत येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. नगर-दौंड रस्त्यावर एके काळी लूना बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना आहे, आणि २०१८ मध्ये त्याच समूहाने एसडब्ल्यूएम या इटालियन कंपनीची सहाशे सीसीची सुपरड्युअल टी ही प्रवासी गाडी जुळणीसाठी नगरलाच आणली. यंत्र पारखण्याची परंपरा येथे परकी नाही. परंतु आस्थापनेचा दाखला नमुन्याला असतो. राहुरीच्या गुरुजींच्या दारात उभ्या असलेल्या त्या एका गाडीची परीक्षा कोणत्याही सरकारी मुद्रेखाली होत नाही. ती पहिल्या सर्व्हिसच्या दिवशी तुमच्या हातांनी होते, किंवा होतच नाही.

म्हणून पहिल्या सर्व्हिसला ‘धुणे आणि तेल’ एवढ्यावर निकालात काढू नये. मोटारसायकलीत बहुधा इंजिन, गिअरपेटी आणि क्लच यांना एकच तेल असते, त्यामुळे दातांचा कीस थेट बेअरिंगांपर्यंत पोहोचू शकतो. त्या दिवशी आमच्या स्नेह्यांनी ड्रेनचा बोल्ट काढला, उष्ण तेलाची धार ट्रेमध्ये पडू दिली, आणि दोन थेंब तळहातावर घेऊन उन्हात अंगठ्याने पसरले. करड्या थरात अभ्रकाच्या चुऱ्यासारखी बारीक चकाकी दिसली. बोल्टच्या चुंबकावर लोखंडाची मऊ लव जमली होती, बोटाने पुसली की निघणारी. ‘लव असली तर चालते, कपची नको,’ ते शिक्षकांना म्हणाले आणि त्यांचेच बोट धरून त्यांना ती लव चाचपायला लावली. नंतर फिल्टर बदलला, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल भरले (कारचे तेल मोटारसायकलीच्या ओल्या क्लचला घसरवते, हे येथे पुन्हा सांगून ठेवतो), टॅपेट तपासले, आणि नव्या साखळीचा ताण, जो सुरुवातीलाच सर्वांत अधिक सैल होतो, तो जुळवला.

आमची विनंती एवढीच, की प्रत्येक दुकानात एक वही असावी आणि तीत चालकाची कैफियत त्याच्याच शब्दांत, समोर किलोमीटरचा आकडा घालून, पहिल्या सर्व्हिसला, हजाराला व तीन हजाराला लिहून घ्यावी. गिअरचा कडकपणा, फोर्कचा ताठरपणा, नव्या टायरचा निसरडेपणा, ब्रेकचा अपुरा चावा या तक्रारी बहुधा किलोमीटरांबरोबर विरतात. बसण्याची ठेवण, समोरच्या काचेवरून डोक्यावर आदळणारा वारा, उंची आणि वजन यांविषयीच्या तक्रारी विरत नाहीत. पहिल्या वर्गातील तक्रार ऐकून गाडीला नावे ठेवणे हा यंत्रावर अन्याय, आणि दुसऱ्या वर्गातील तक्रारीला ‘चालवा, बसेल’ म्हणून वाटेला लावणे हा माणसावर अन्याय होय. तेलाची पातळी तीन हजारांनंतरही उतरत राहिली तर मात्र बोअर उघडण्याखेरीज गत्यंतर नाही, आणि हे मालकाला आडपडदा न ठेवता सांगावे.

शिक्षक पुढच्या रविवारी भंडारदऱ्यास गेले, नंतर आणखी दोनदा घाटांत फिरले, आणि गाडी दोन हजारांच्या पुढे गेल्यावर परत आले. वहीतली त्यांची जुनी कैफियत त्यांच्यापुढे वाचून दाखवली गेली. तेलाची पातळी खुणेवर होती. ठोके गेले होते, कारण टॉप गिअर कधी टाकायचा हे त्यांना उमगले होते. गिअर मऊ पडला होता. पायाची धग रहदारीत अजून लागत होती, मोकळ्या रस्त्यावर नाही. सीटविषयी त्यांनी पूर्वीचेच वाक्य पुन्हा उच्चारले. मेस्त्र्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि त्यांना स्पंज बदलून घेण्यासाठी शेजारच्या सीटवाल्याकडे धाडले.