आधी पाणी, मग तेल

परवा रात्री जेवण आटोपून पेपर तपासायला बसलो होतो, तेवढ्यात आळंद तालुक्यातून मामेभावाचा फोन आला. आमच्या घरातला फोन कन्नडात सुरू होतो आणि मराठीत संपतो, तसाच हाही. "अण्णा, हेंग इद्दीरी?" झाल्यावर गडी मुद्द्यावर आला. उसात रानडुकरं फार झाली म्हणून त्याने पीक-संरक्षणाचा परवाना काढून ठासणीची बंदूक घेतली आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन बार काढले होते. "आता सांगा, नळीला कुठलं तेल चांगलं?"

मी म्हटलं, "तेलाचं नंतर बघू. आधी चुलीवर पाणी ठेव."

तो हसला. बंदुकीत पाणी? लोखंडाला पाणी लागलं की गंज चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मास्तर लोकांचं काहीतरीच, असं त्याला वाटलं असणार. पण वाचकहो, मी थट्टा करत नव्हतो. त्याच्या वयाचा असताना माझाही हाच समज होता, आणि त्याची किंमत त्याच्याच वडिलांनी, म्हणजे माझ्या मामाने मोजली.

साल १९९९. लोकसभा आणि कर्नाटक विधानसभा, दोन्ही निवडणुका एकदमच लागल्या होत्या. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मामाकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. उसात डुकरं शिरली की मामा बांधावर उभा राहून पोकळ बार काढायचा. नुसती दारू आणि चिंध्यांचा बोळा, छर्रे नाहीत. त्या पहाटेही त्याने तीन-चार बार काढले होते. दुपारी मामीचं पोट दुखायला लागलं आणि तिला सोलापूरला दवाखान्यात न्यायचं ठरलं. वाटेतच बंदूक ठाण्यात द्यायची होती. मामा म्हणाला, "तम्मा, नी साफ माडु, नान गाडि नोडतीनि." तू साफ कर, मी गाडीचं बघतो.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. शहाणपण उतू जाण्याचं वय. शिलाई मशीनचं तेल घेतलं, गजाला चिंधी गुंडाळून नळीतून पाच-सहा वेळा फिरवली. बाहेरून दस्ता, चाप सगळं लखलखीत केलं. पाण्याला हात लावला नाही. घाईत मामाने बाहेरून पाहिलं, "छलो आत" म्हणाला आणि गेला.

ऑक्टोबरात निकाल लागले, बंदूक परत आली. मामाने अंगणात बसून पांढरी चिंधी गजाला गुंडाळली आणि नळीत घातली. बाहेर आली ती विटकरी रंगाची. दुसरी तशीच, तिसरी तशीच. पुढे कलबुर्गीच्या एका जाणत्या कारागिराने आत उजेड टाकून पाहिलं आणि सांगितलं, की तळाशी खड्डे पडलेत, भिंत खाल्ली गेलीय, यात पुन्हा दारू भरू नका. दोन पिढ्यांची बंदूक अशी पावसाळ्याच्या दोन महिन्यांत गेली. त्या हिवाळ्यात मामा रात्र रात्र माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत होता. तरी डुकरांनी कडेकडेने ऊस लोळवलाच.

मामा मला रागावला नाही. एकच वाक्य बोलला, "तम्मा, एण्णि मुच्चतद, तोळ्यांगिल्ल." तेल झाकतं, धूत नाही.

मी कलाशाखेचा माणूस. या वाक्यामागचं शास्त्र मला फार नंतर, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून समजलं. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. सोरा हा क्षार आहे. कन्नडात त्याला पेट्लुप्पु म्हणतात, म्हणजे नावातच 'उप्पु', मीठ बसलेलं आहे. बार उडाला की ही दारू सगळीच्या सगळी वायू होऊन जात नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपातच राहतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून उडतो आणि उरलेला नळीला आतून चिकटतो. आपण ज्याला काजळी म्हणतो तिच्यात कोळशाबरोबर पोटॅशियमचे क्षार असतात. एक कार्बोनेट, तो चुलीच्या राखेतही असतो. दुसरा सल्फेट. तिसरा सल्फाइड, ज्याच्यामुळे नळी धुताना सडक्या अंड्यासारखा वास येतो.

या काजळीचे दोन गुण ध्यानात ठेवावेत. एक, ती हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ कसं पाझरतं, तसंच. दुसरा, तिच्यातले क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. तेव्हा काजळीवर तेल फिरवलं म्हणजे मिठावर साय धरल्यासारखं होतं. वरून चकाकी, आणि खाली मीठ ओल धरून लोखंड खात बसलेलं. आपण भितो पाण्याला, आणि घात करतं मीठ. हल्लीच्या काडतुसाच्या बंदुकीत धूर न करणारी वेगळी दारू असते, तिच्या सफाईची रीत ठासणीच्या बंदुकीला लावू नये. शिवाय बार पोकळ काढला तरी काजळी धरतेच. छर्रे नव्हते म्हणून धुण्याची गरज नाही, हाही गैरसमजच.

आपल्या बीदरचा बिद्री कारागीर हा क्रम हाताने जाणतो. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी बसवून झाली, की किल्ल्यातल्या जुन्या मातीत नवसागर मिसळून तो त्याचा लेप देतो. भांडं काळं होतं, चांदी पांढरीच राहते. मग तो लेप पाण्याने धुऊन काढतो, भांडं कोरडं करतो आणि शेवटी तेल चोळतो. त्याने न धुताच तेल चोळलं, तर ते भांडं कोण विकत घेईल?

आता मामेभावाला फोनवर जे सांगितलं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी बंदूक भरलेली नाही याची खात्री. टोपी काढून टाकावी. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी बोटाने खूण धरावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खूण चार बोटं कमी पडली तर आत बार आहे असं समजावं, आणि स्वतः उकरत न बसता बंदूक जाणकाराला दाखवावी. नळीच्या तोंडात डोळा घालून कधीच पाहू नये. दारूचा डबा त्या खोलीत नको, विडी-सिगारेट नको. १६५७ साली औरंगजेबाच्या वेढ्यात बीदरचा किल्लेदार सिद्दी मर्जान दारूच्या साठ्याला ठिणगी लागूनच भाजला आणि त्यातच गेला. तिथे किल्ल्याची तटबंदी होती, आपल्या घराला तर नुसत्या पत्र्याच्या भिंती.

सफाई त्याच दिवशी करावी, रात्र जाऊ देऊ नये. टोपी बसवायची छोटी नळी पान्याने काढावी. बंदुकीची नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवावी, म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही. बादलीत गरम पाणी आणि थोडा साबण घ्यावा. नळीचा मागचा भाग त्यात बुडवून, गजाला घट्ट बसेल अशी चिंधी गुंडाळून खालीवर करावं. पिचकारीसारखं पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर पडतं. पहिलं पाणी शाईसारखं काळं, दुसरं राखाडी. स्वच्छ पाणी येईपर्यंत बदलत राहावं. ती छोटी नळीही धुवावी, कारण गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. हे पाणी गुरांच्या हौदाजवळ ओतू नये.

शेवटचं पाणी चांगलं कढत, नुसतं, साबणाशिवाय. त्याने नळी तापते आणि आतली ओल आपोआप उडून जाते. मात्र नळी कापडाने धरावी, नाहीतर हात पोळतो. मग कोरड्या चिंध्या, एक चिंधी अगदी कोरडी बाहेर येईपर्यंत. आणि यानंतर तेलाचा पातळ हात, आतून आणि बाहेरून. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा एकदा फिरवावी. तांबूस आली तर पाण्यापासून परत सुरुवात. पुढचा बार भरण्याआधी तेल पुसून काढायला विसरू नये.

आणखी दोन गोष्टी. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी सोय आहे, पण ती पीक राखण्यापुरतीच. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीवाचून जनावर मारणं हा गुन्हा ठरतो, आणि आपल्याकडच्या काळविटांच्या बाबतीत तर फारच गंभीर. आणि निवडणुकीत बंदूक जमा करण्याची वेळ आली, तर आदल्या दिवशी धुऊन, वाळवून, तेल लावूनच द्यावी. ठाण्यातल्या खोलीत तिला कोणी दोन महिने हात लावणार नसतं.

मामाला जाऊन चार वर्षं झाली. ती बंदूक त्याने पुढे रीतसर जमा करून टाकली. खंडेनवमीला तिची जागा मात्र रिकामी ठेवायचा. कोयता, नांगराचा फाळ, टिकाव, आणि शेवटी एक नुसता पाट. मी दरवर्षी तो पाट पाहिला आणि दरवर्षी काही बोललो नाही.

फोनवर हे सगळं ऐकून मामेभाऊ जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अप्पाने हे मला कधी सांगितलं नाही. बंदूक उंदरांनी खराब केली म्हणायचा." अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन आला. तिसरं पाणी स्वच्छ आलं होतं. यंदा त्या पाटावर त्याची बंदूक ठेवणार आहे, पूजेला या, म्हणाला. जाणार आहे. उंदीर कोण होता, तेही तिथेच सांगणार आहे.