अक्षर एक, चहा अनेक

आई साताऱ्याहून बेंगळुरूला कायमची राहायला आली, तेव्हा पहिला महिनाभर तिचं बोलणंच आटलं होतं. बाबा गेल्यानंतरचे ते दिवस. आम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत आणि आजूबाजूला सगळी कन्नड. एका दुपारी शेजारच्या धारवाडच्या अज्जींनी दारातून विचारलं, “चहा कुडीतीरेन्री?” आईला त्यातला एकच शब्द कळला. तेवढा पुरला. ती चपला घालून निघाली.

रात्री तिने मला विचारलं, “त्यांचा चहा आणि आपला चहा एकच कसा गं?”

चहाचं माहेर चीन. तिथे या शब्दासाठी एक अक्षर आहे. चिनी अक्षर आपल्या ‘क’, ‘ख’सारखं नुसता आवाज दाखवत नाही, ते अर्थही सांगतं. पूर्वी एका कडू वनस्पतीसाठी 10 रेघांचं अक्षर होतं, चहासाठीही तेच वापरत. पुढे त्यातली एक आडवी रेघ गळाली आणि 9 रेघांचं नवं अक्षर झालं. आठव्या शतकात लू यू यांनी चहावर ग्रंथ लिहिला, त्यात हेच रूप वापरलं आणि ते रुळलं. वर गवत, मध्ये माणूस, खाली झाड, अशी त्याची आठवण ठेवतात.

अक्षर एकच असलं तरी उच्चार दोन. चीनच्या बहुतेक भागांत ‘चा’, तर फुजियानच्या किनाऱ्यावर ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी जहाजातून ‘ते’ नेला, त्याचा इंग्रजीत ‘टी’ झाला. पोर्तुगीजांनी मकाऊहून ‘चा’ उचलला. खुष्कीच्या मार्गाने तोच ‘चा’ फारसीत ‘चाय’ झाला.

आता बेंगळुरूच्या कुठल्याही टपरीपाशी पाच मिनिटं उभे राहा. कन्नड आणि मराठी ‘चहा’, हिंदी ‘चाय’, मल्याळम ‘चाया’ हे सगळे ‘चा’च्या घरचे. इंग्रजी ‘टी’, तमिळ ‘तेनीर’, तेलुगू ‘तेनीरु’ हे ‘ते’च्या घरचे. ‘नीर’ म्हणजे पाणी, म्हणजे हे आपलं चहापाणीच की! दोन्ही घराणी एकाच किटलीभोवती.

पूर्वेकडे हे अक्षर जपान, कोरिया, व्हिएतनामपर्यंत गेलं. जपानीत ते ‘चा’ आणि ‘सा’ असं वाचतात, कोरियनमध्ये ‘चा’ आणि ‘दा’. व्हिएतनाममध्ये आता लिपी रोमन आहे, तरी ‘ट्रा’ आणि ‘चे’ हे शब्द तिथलेच. जपानीत तपकिरी रंगाला ‘चा-इरो’ म्हणतात, म्हणजे चहाचा रंग. रोजच्या साध्या गोष्टीला जपानी आणि कोरियन माणूस ‘चहा-भाताची गोष्ट’ म्हणतो. चिनी माणूस साध्या जेवणाला ‘जाडाभरडा चहा, साधा भात’ म्हणतो. आपली मीठ-भाकरीच ती!

गंमत म्हणजे जपानमधल्या जुन्या ‘किस्सातेन’च्या पाटीवर चहाचं अक्षर असतं, पण आत लोक कॉफी पितात. आपणही ‘चहाला या’ म्हणतो आणि बेंगळुरूत पाहुण्याच्या हाती फिल्टर कॉफी देतो. बोलावणं खरं, पेय कुठलंही चालतं.

एक गोष्ट मात्र मी आईसाठी राखून ठेवली होती. जपानी लोक या अक्षराचे तुकडे करून बेरीज करतात. वरच्या गवतात दोनदा दहा दिसतात, झाले 20. खालच्या भागात आठ-दहा-आठ, म्हणजे 88. एकूण 108. म्हणून तिथे वयाच्या 108व्या वर्षाला ‘चाजू’, म्हणजे चहाचं वय म्हणतात.

आईने हातातली जपमाळ वर केली. “यातही 108 मणी. मला 78 झाली, अजून 30 राहिली.” मग दाराकडे बघत म्हणाली, “अज्जींना सांगते उद्या. तेवढं कन्नड शिकायला हवं.”

मुलांनो, आज फोनवर हे अक्षर शोधा आणि कागदावर काढून बघा. गवताच्या 3 रेघा, माणसाच्या 2, झाडाच्या 4. मग आजीला दाखवा. आणि तिच्यासोबत चहा घ्या. तुमच्या कपात दूधच असलं तरी चालेल!