भट्टीआधीचा एक्स-रे पुरेसा नाही

दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या रिॲक्टरभोवती माणसे पाळ्यांमध्ये राबतात. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यांना दाबाखालच्या हवेच्या टाक्या लागतात. त्या टाक्यांचा पत्रा पातळ असतो, त्यांना सहसा भट्टी लागत नाही. प्रश्न आहे तो जाड पत्र्याच्या किंवा क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या पात्रांचा.

वेल्डिंग थंड होताना सांध्यात ताण अडकून राहतो. तो सैल करायला पात्र भट्टीत 600 अंश सेल्सिअसच्या आसपास, मिश्र पोलाद असेल तर त्याहूनही जास्त, तापवून ठेवतात आणि सावकाश निववतात. सांध्याचा एक्स-रे किंवा अल्ट्रासोनिक तपासणी याच्या आधी करावी की नंतर? बनवणाऱ्याला आधी केलेली परवडते. दोष तेव्हाच सापडला तर दुरुस्तीनंतर भट्टी एकदाच लावावी लागते. साध्या कार्बन पोलादाला हे बऱ्याचदा नियमातही बसते. त्यातही घाई नको. ओलसर इलेक्ट्रोडमधून शिरलेला हायड्रोजन कधी कधी दोन दिवसांनी तडा पाडतो. आणि पावसाळ्यात इलेक्ट्रोड ओले व्हायला कितीसा वेळ लागतो?

पण काही मिश्र पोलादांत तडे खुद्द भट्टीतच जातात. 2008 च्या सुमारास युरोपात व्हॅनेडियमयुक्त पोलादाच्या रिफायनरी रिॲक्टरांमध्ये असे बारीक तडे आढळले. आधी काढलेल्या एक्स-रेमध्ये ते दिसणार कसे? तडा तेव्हा नव्हताच. पाण्याच्या दाबाची चाचणीही भरवशाची नाही. बारीक तडा ती पचवून जातो.

नंतर तपासायला टाळाटाळ होते, कारण दोष निघाला तर दुरुस्ती आणि पुन्हा भट्टी. तेव्हा भट्टी गाळायचा मोह होतो. अमेरिकेतील रोमिओव्हिल रिफायनरीत 1974 मध्ये एका मनोऱ्याचे कडे बदलले, पण नव्या सांध्यांना उष्णोपचार दिला नाही. वापरात हायड्रोजनने तिथे तडे वाढवले. 23 जुलै 1984 रोजी मनोरा फुटला आणि 17 माणसे गेली. त्यांत रिफायनरीच्या अग्निशमन पथकातले दहा जण होते.

म्हणून मिश्र पोलादाच्या आणि जाड पात्रांसाठी भट्टीनंतरची तपासणी खरेदीदाराने ऑर्डरमध्येच लिहून घ्यावी, तिचे पैसेही मोजावेत. पात्र ताब्यात घेताना तपासणीच्या अहवालावरची तारीख भट्टीच्या तापमान-आलेखावरच्या तारखेशी ताडून पाहावी. दोन्ही कागद बनवणाऱ्याच्या फाइलमध्ये असतात.